अकरा वर्षं पेटीत बंद असलेली आर्चटॉप गिटार: दुकानदार म्हणतो आवाज 'मेलाय', तुमचं मत हवं

गोदाकाठची | ३ जुलै, रात्री ११:२०

इथे सतार आणि व्हायोलिनवाले बरेच आहेत, गिटारवाले थोडे. तरी विचारते, कारण नाशिकमध्ये दुसरं कुणाला विचारावं ते कळत नाहीये.

आमचे गिटारचे सर देवळाली कॅम्पात, लॅम रोडला राहायचे. मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये आणि नंतर सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवून उतारवयात इथे येऊन राहिलेले. आठवीत असताना मी नाशिकरोडहून सायकलने त्यांच्याकडे शिकायला जायची. आम्हा पोरांच्या हातात कलकत्त्याच्या साध्या गिटारी असायच्या आणि भिंतीवर ही. पोट फुगीर, व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रं, एका बाजूचं शिंग टोकदार. हिला हात लावायचा नाही, हा नियम होता. तास संपल्यावर कधी सरांची लहर लागली तर ते ती खाली काढत, ॲम्प न लावता चार-पाच मिनिटं वाजवत आणि परत टांगत. त्या चार-पाच मिनिटांसाठी मी तास संपायची वाट बघायची.

सर जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात सरांच्या पत्नीने, म्हणजे आंटींनी, फोन करून बोलावलं आणि पेटी माझ्या हातात दिली. "आणखी एक पावसाळा कपाटावर नको," एवढंच म्हणाल्या.

तारा गंजल्या होत्या म्हणून शहरातल्या एका दुकानात नव्या लावून घेतल्या. आता ॲम्पला जोडली की खालच्या चार तारा जेमतेम ऐकू येतात आणि वरच्या दोन कानात घुसतात. खाली मोकळी तार सुरात असली तरी बाराव्या पडद्यावर बेसूर लागते. स्वर टिकत नाही, छेडला की 'टुक' करून संपतो. दुकानदाराचं म्हणणं, गिटार मेलीय. त्याचा सल्ला: पातळ नऊच्या (सर्वात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) तारा लावा, लाकडी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, फेकून धातूची बसवा (त्यासाठी तबलीत, म्हणजे पुढच्या फुगीर फळीत, दोन भोकं पाडावी लागतील) आणि सगळं घासून नवं पॉलिश करा. आठ हजार सांगितलेत.

भोकं पाडायच्या विचारानेच पोटात गोळा येतो. पण खरंच दुसरा उपाय नसेल तर? सरांच्या हातात हिचा आवाज असा नव्हता, एवढं मला नक्की आठवतं.

तारगहन | ३ जुलै, रात्री ११:५८

भोकं अजिबात पाडू नका. पॉलिशही नको. पैसे दिले नसतील तर देऊ नका.

आधी तीन गोष्टी सांगा. जाड तारांचा रंग सोनेरी आहे की चंदेरी? दुकानदाराने सगळ्या तारा एकदम काढल्या होत्या का? आणि एफ-छिद्रातून टॉर्च मारून आत काय लिहिलंय ते बघा: एक कागदी लेबल असेल आणि शिवाय लाकडावर शाईचा शिक्का.

तोवर तारा सैल करू नका. या गिटारची घोडी कुठेही चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने उभी असते. सगळ्या तारा सुटल्या की ती हातात येईल.

सोलो_कॉलेजरोड | ४ जुलै, सकाळी ८:१५

ताई, मी हेवी मेटल संगीत वाजवतो, त्यामुळे माझं मत वेगळं असेल. पोकळ गिटार मोठ्या आवाजात वाजवायला गेलं की कर्कश घुमायला लागते, सस्टेन नसतो (स्वर टिकत नाही), तार ओढता येत नाही. भावना समजतात, पण वाजवायला भरीव बॉडीची घ्या आणि ही भिंतीवर जपून ठेवा. जुन्या गिटारांना परदेशात चांगली किंमतही येते.

गोदाकाठची | ४ जुलै, दुपारी १:४०

@तारगहन, सांगते.

जाड तारा सोनेरी आहेत, पितळी म्हणावा असा रंग. हो, सगळ्या एकदम काढल्या. मी समोरच होते. घोडी टेबलावर ठेवून त्याने तबली पुसली आणि मग अंदाजाने परत ठेवली.

आत पांढरं लेबल आहे. गिब्सन, ईएस-१७५, नंबर ए अक्षराने सुरू होतो. लाकडावरचा शिक्का पुसट आहे, पण पहिलं अक्षर एक्स आहे याची खात्री आहे. पुढे चार आकडे. पिकअप एकच, मानेच्या टोकाला, काळ्या आवरणाचा, दोन्ही बाजूंना कानांसारखे त्रिकोण आणि त्यात स्क्रू. बटणं दोन.

@सोलो_कॉलेजरोड, भरीव गिटार माझ्याकडे आहे. कॉलेजात तीच वाजवली. ही मला वाजवायचीच आहे, भिंतीवर ती भरपूर राहिली.

तारगहन | ४ जुलै, रात्री ९:३०

म्हणजे गिटार १९५४ सालची आहे. त्या काळात गिब्सनच्या कॅलमझूच्या कारखान्यात कामाचा नंबर आतल्या लाकडावर मारायचे आणि वर्षाचं अक्षर उलट्या क्रमाने चालायचं: १९५२ ला झेड, १९५३ ला वाय, १९५४ ला एक्स, असं करत १९६१ ला क्यू. लेबलवरचा ए चा नंबरही त्याच काळाशी जुळतो.

ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. १७५ हा आकडा किमतीचा: १९४९ साली बाजारात आली तेव्हा ती १७५ डॉलरला होती. तुमच्या पिकअपला पी-९० म्हणतात. १९५७ पासून या मॉडेलला दोन वेटोळ्यांचे हंबकर पिकअप लागायला लागले, त्यामुळे तुमची त्याआधीची.

आता तुमच्या मेलेल्या आवाजाबद्दल. सोनेरी तारा म्हणजे ब्रॉन्झच्या, साध्या अकूस्टिक गिटारच्या. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्याच्यासमोर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. ब्रॉन्झला चुंबक ओळखत नाही. म्हणजे तुमच्या खालच्या चार तारांवर गुंडाळलेलं ब्रॉन्झ पिकअपसाठी नाहीच. त्याला फक्त आतली पोलादी गाभ्याची तार दिसते आणि ती बारीक असते. वरच्या दोन तारा सगळ्याच्या सगळ्या पोलाद, म्हणून त्या ओरडतात. गिटारमध्ये काही बिघाड नाही. चुकीच्या तारा लागल्यात.

निकलच्या तारा मागवा. माझं ऐकाल तर फ्लॅटवूंड, बारापासून बावन्नपर्यंतचा सेट, तिसरी तारही वेटोळ्याचीच. फ्लॅटवूंडवर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते, बोट सरकवलं की चीं-चीं होत नाही आणि आवाज गोल येतो. जाड वाटेल, पण हिची लांबी कमी आहे, आडापासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत सुमारे ६२८ मिमी, त्यामुळे ताण सोसण्यासारखा असतो. नऊच्या तारा हिच्यावर लावणं म्हणजे तंबोऱ्याला सतारीची तार लावण्यासारखं आहे. घोडीवर पुरेसा दाबच येणार नाही, मग घोडी खडखडते आणि आवाज पोकळ होतो.

बेसूरपणाचं उत्तरही तुम्हीच दिलंय: घोडी अंदाजाने ठेवली.

पंचम_पंचवटी | ५ जुलै, सकाळी ६:५०

मी व्हायोलिनवाला, वय ६८, गिटारला आयुष्यात हात लावलेला नाही. पण घोडीचं वाचून राहवलं नाही.

ही वाद्यरचना आमच्याच घरची आहे, मुली. फुगीर तबली, एफ-छिद्रं, न चिकटवलेली घोडी, शेपटाला अडकवलेल्या तारा. फरक एवढाच की आमच्या पोटात घोडीच्या पायाखाली एक खुंट उभा असतो, तुमच्यात नसतो. तुमच्यात तबलीला आतून दोन लांब पट्ट्या लावलेल्या असतात. साध्या गिटारला तारा थेट तबलीवरच्या पट्टीत रोवलेल्या असतात आणि त्या तबलीला ओढत राहतात. इथे ओढ सगळी शेपटाकडे जाते, तबलीला मिळतो तो फक्त घोडीतून खाली येणारा दाब. म्हणून घोडीचे पाय तबलीच्या फुगवट्याला अगदी नखभर फट न ठेवता बसले पाहिजेत. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा पायाखाली सरकवून बघ. कुठे आत गेला तर तिथून नाद गळतोय असं समज.

दुसरं. इतकी वर्षं घोडी एका जागी उभी असेल तर लाखेवर तिच्या पायांचा डाग असणार. खिडकीजवळ तिरप्या उजेडात बघ. वादकाने आयुष्यभर कानाने ठरवलेली जागा असते ती, पट्टीने मोजून काढलेल्या जागेपेक्षा मी तिच्यावर आधी विश्वास ठेवेन.

मग पारख कर. बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक काढ, मग तिथेच दाबून वाजव. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी मानेपासून लांब सरकव, उतरता असेल तर जवळ आण. दोन्ही बाजू वेगळ्या सरकतात, घोडी थोडी तिरकी होईल. होऊ दे.

कोरीव | ५ जुलै, सकाळी १०:०५

उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण एक वस्तुस्थिती सांगायला हवी. ईएस-१७५ ची तबली कोरलेली नाही, मेपलचा प्लाय दाबून फुगवटा दिलेला आहे. खरी आर्चटॉप म्हणजे स्प्रूसच्या जाड फळीतून कोरून काढलेली, जसं ऑर्विल गिब्सनने सुरू केलं (त्याचं पेटंट १८९८ चं) आणि लॉइड लोरने १९२२ मध्ये गिब्सनच्या एल-५ या गिटारमध्ये एफ-छिद्रांसकट पूर्णत्वाला नेलं. ईएस-१७५ ही त्या वंशातली स्वस्त आवृत्ती. अकूस्टिक नाद म्हणून तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

तारगहन | ५ जुलै, दुपारी १२:२०

@कोरीव, माहिती बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही.

एल-५ कशासाठी होती? वीस-तीसच्या दशकात जॅझ बँडमध्ये मागे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची रांग, पुढे गिटारवाला, माइक नाही. त्या गदारोळातून ठेका ऐकू जावा म्हणून ती कोरीव तबली, उंच तारा आणि जोरकस हात. फ्रेडी ग्रीन १९३७ पासून पुढची पन्नास वर्षं काउंट बेसीच्या बँडमध्ये तेच करत होता. मग १९३६ मध्ये गिब्सनची ईएस-१५० ही इलेक्ट्रिक गिटार आली, चार्ली ख्रिश्चनने पिकअप लावलेली गिटार घेऊन सॅक्सोफोनसारखे एकेरी स्वर वाजवायला सुरुवात केली आणि गिटारचं काम बदललं. (१९४२ मध्ये तो गेला, पंचविशीत. १९३९ ला बेनी गुडमनकडे आला होता. एवढ्या थोड्या काळात त्याने पुढच्या सगळ्यांना वाट दाखवली, हे आजही अंगावर येतं.)

ईएस-१७५ या दुसऱ्या कामासाठी बनली. कोरीव तबली इतकी मोकळी थरथरते की ॲम्पचा आवाज परत तिच्यात शिरतो आणि घुमायला लागतो. प्लाय जड, हट्टी, कमी थरथरतो. त्यामुळे स्वर कोरडा, नेमका, पटकन मिटणारा येतो, आणि हाच आवाज लोकांना हवासा वाटला. हर्ब एलिस, जो पास, जिम हॉल, नंतर पॅट मेथनी, सगळ्यांनी ईएस-१७५ वाजवली. कोरीव गिटार परवडत नव्हती म्हणून नव्हे.

कोरीव | ५ जुलै, दुपारी १२:४५

मान्य. 'स्वस्त आवृत्ती' हा शब्द मागे घेतो. जिम हॉलचा आवाज माझाही आवडता आहे आणि त्याच्याही गिटारला सुरुवातीला एकच पी-९० होता.

रियाजी | ५ जुलै, सायं. ७:१०

सतार वाजवते, म्हणून एका शब्दावर अडकले: 'स्वर टिकत नाही'.

आपल्या कानाला आस लागते. तंबोरा, तरफा, जवारी, सगळा खटाटोप स्वर छेडल्यानंतर तो रेंगाळावा यासाठी. सतारीवर मी एक स्वर छेडते आणि त्याच्या आसेत चार स्वरांची मींड काढते. त्या कानाने ही गिटार ऐकली तर अपुरीच वाटणार. पण तबलजीला विचारा. खुला बोल आणि बंद बोल, दोन्ही लागतात. सगळे खुलेच वाजवले तर द्रुत लयीत नुसता गलबला होईल. वरच्या वर्णनावरून मला ही गिटार बंद बोलाची वाटते.

एक आठवण म्हणून सांगते: आपल्या संगीतात गिटार मानाने बसवणारे पं. ब्रिजभूषण काब्रा गिब्सनची आर्चटॉपच वाजवायचे, तारा आडापाशी उंच करून, मांडीवर आडवी ठेवून. उस्ताद अली अकबर खाँचे शिष्य. पं. विश्वमोहन भटांची मोहनवीणाही आर्चटॉप गिटारवरच बेतलेली आहे, वर तरफा आणि चिकाऱ्या चढवलेल्या. पंचमकाका म्हणतात ते शेपटाचं कारण तिथे लागू पडत असणार, एवढ्या तारांची ओढ साध्या गिटारची तबली कुठून सोसणार!

देवळाली_सात | ६ जुलै, सकाळी ९:००

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. सरांना मी लांबून ओळखत होतो. कॅम्पातल्या चर्चच्या नाताळच्या कार्यक्रमात ऐकलंय त्यांना. फोटो टाका.

गोदाकाठची | ९ जुलै, रात्री १०:३५

डाग सापडला!

पंचमकाका, तुम्ही सांगितलं तसं सकाळी खिडकीपाशी धरली. दोन फिकट लंबगोल, आजूबाजूची लाख मधासारखी पिवळी झालेली आणि तेवढी जागा उजळ. आत्ताची घोडी तिथून मानेच्या दिशेने पाच मिलिमीटर पुढे होती. पाच! दोन-दोन तारा थोड्या सैल करून घोडी हळूहळू मागे नेली. डागावर नेमके पाय ठेवले आणि बाराव्या पडद्यावर पारखलं. जाड तारांकडे केसभर फरक होता, बाकी बरोबर. सरांनी घोडी किंचित तिरकी ठेवलेली, डागही तिरकाच आहे.

कार्डाचा कोपरा मात्र पातळ तारांच्या बाजूला पायाखाली गेला. तारा रविवारपर्यंत येतील.

पंचम_पंचवटी | ९ जुलै, रात्री ११:००

रविवारी गिटार घेऊन घरी ये. पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवतो. पाय मी बसवून देतो. पॉलिश पेपर तबलीवर पालथा नाही, उताणा ठेवायचा, खरखरीत बाजू वर. त्यावर घोडी डागाच्या जागी मागेपुढे घासायची. तबलीच्या फुगवट्याचाच साचा पायाला मिळतो. पाच-सहा घासण्यांनंतर थांबून बघायचं, घाई नाही. पायातून जास्त लाकूड गेलं तर परत आणता येत नाही.

गोदाकाठची | १८ जुलै, रात्री ११:१५

उशीर झाला, कारण वाजवत होते. सविस्तर लिहिते.

रविवारी काकांकडे गेले. दीड तास लागला, त्यात दोन वेळा चहा. घोडीचा पाय बसल्यावर काकांनी कार्ड सरकवून बघितलं, कुठेच गेलं नाही. मग फ्लॅटवूंड चढवल्या, एकेक करून. सुरात आणल्यावर ॲम्प नसतानाच पहिला फरक कळला. आधी आवाज कुठल्यातरी डब्यातून आल्यासारखा होता. आता पोटाला टेकलेली पाठ थरथरते ती मला बरगडीत जाणवते.

आता वाजवण्याबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच होता.

पहिले तीन दिवस मी हिच्याशी भांडले. भरीव गिटारची सवय: एक स्वर लावायचा, तार ओढायची, तो गात राहतो. इथे तिसरी तार वेटोळ्याची, ओढायला गेले तर बोट सोलवटलं आणि स्वर अर्धाही चढला नाही. रियाजी, तुमच्या भाषेत सांगायचं तर मींड नाही, घसीट आहे. पडद्यावरून सरकत जायचं. ते एकदा मान्य केल्यावर सरांचा डावा हात आठवला. ते कधी तार ओढतच नसत, एका बोटाने खालून सरकत वर येत. लहानपणी मला वाटायचं ती त्यांची लकब आहे. ती या गिटारची गरज होती.

स्वर मिटण्याचं तसंच. छेडल्याबरोबर स्वराच्या तोंडाशी एक टणक, लाकडी ठोका आहे, मग गोल पोट, आणि लगेच उतार. संथ सुरावट वाजवली तर मधे मोकळी जागा राहते आणि ती भरायची जबाबदारी आपल्यावर येते. मी ती दोन स्वरी आणि तीन स्वरी कॉर्डनी भरायला लागले. मूळ स्वर सोडून द्यायचा, फक्त गांधार आणि निषाद ठेवायचे, वर एखादा. सहाही तारा झोडल्या की इथे चिखल होतो. तीन तारा नेमक्या दाबल्या की प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो, कारण आधीचा केव्हाच बाजूला झालेला असतो. जलद सुरावटीतही हेच. माझ्या भरीव गिटारवर ज्या ताना एकमेकींत मिसळायच्या त्या इथे मोत्यासारख्या सुट्या येतात. चूकही तेवढीच सुटी ऐकू येते, हेही सांगायला हवं. गेल्या आठवड्यात मला माझ्या उजव्या हाताच्या तीन सवयी कळल्या, तिन्ही वाईट.

उजवा हात कुठे ठेवता यावर अर्धा आवाज आहे. मानेच्या टोकाशी, पिकअपच्याही पुढे छेडलं तर बासरीसारखा गोल. घोडीकडे दोन इंच सरकलं की कडक, जवळजवळ सरोदसारखा. अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवलं (वेस मॉन्टगोमेरी असं वाजवायचा, त्याची एल-५) तर तो ठोका मऊ होतो. बटणाला हात न लावता चार वेगळे आवाज मिळतात.

आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. ॲम्प लहान आवाजात ठेवला की दोन आवाज एकदम ऐकू येतात, एक मांडीवरून लाकडाचा आणि एक समोरून ॲम्पचा. त्यांची बेरीज फक्त वाजवणाऱ्याला मिळते. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं, ते त्यात येत नाही. सर ॲम्प न लावता का वाजवायचे याचं एक कारण आता थोडं कळतंय.

सोलो_कॉलेजरोड | १९ जुलै, सकाळी ७:४५

ताई, मान्य. एकदा हातात द्याल का?

फीडबॅकचं काय करता पण? आणि पी-९० म्हणजे घरघर असणार.

तारगहन | १९ जुलै, सकाळी ११:३०

फीडबॅकचं मी सांगतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक सुरात घुमते, तसा या गिटारच्या पोटातल्या हवेचाही एक सूर आहे, खालच्या पट्टीतला. ॲम्पमधून तो सूर जोरात आला की गिटार आपण होऊन घुमू लागते. उपाय सोपे: ॲम्पच्या थेट समोर बसू नका, बास कमी करा. तरीही भागलं नाही तर एफ-छिद्रांत मऊ कापडाची घडी; ती काढता येते, लाकडाला काही करत नाही. गिब्सननेच १९५८ मध्ये ईएस-३३५ काढताना पातळ पोटात मधोमध मेपलचा भरीव ठोकळा घातला, त्यामागे हेच कारण. मोठ्या स्टेजवर, ढोल-ड्रमसोबत वाजवायची असेल तर ही गिटार नेऊ नका. कालिदास नाट्यगृहात माइकसमोर तिघा-चौघांत वाजवायची तर हिच्यासारखी दुसरी नाही.

घरघर: पी-९० मध्ये एकच वेटोळं असल्यामुळे ते विजेच्या तारांचे ५० सायकल पकडतंच. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटपासून लांब बसा, गिटार थोडी फिरवा, एका कोनात ती घरघर जवळजवळ नाहीशी होते. ॲम्पला तीन पिनांचा प्लग आणि घरात खरंच अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतंच असतं.

एक राहिलं: तुमचा पिकअप वर-खाली होत नाही, कानांचे स्क्रू थेट तबलीत गेलेत. तारांचा समतोल साधायचा असेल तर मधले सहा स्क्रू हळूच फिरवायचे, एका वेळी अर्धा फेरा.

पंचम_पंचवटी | १९ जुलै, दुपारी ४:२०

पावसाळ्याबद्दल कुणी बोललं नाही. आत्ता जुलैत हवा ओली आहे, लाकूड फुगतं, तारा पडद्यांपासून वर जातात. फेब्रुवारीनंतर आपल्याकडे हवा इतकी कोरडी होते की माझ्या व्हायोलिनच्या खुंट्या आपोआप सुटतात. प्लाय कोरीव लाकडापेक्षा कमी हलतो, पण मान आणि पडद्यांची पट्टी हलणारच. पेटीत दोनशे रुपयांचं आर्द्रतामापक ठेव, ४५ ते ५५ टक्क्यांत राहिलं तर बरं. आत्ता सिलिका जेल, उन्हाळ्यात ओल्या स्पंजची डबी. मानेतल्या सळीला (मानेचा बाक तिने कमी-जास्त करतात) आज फिरवू नकोस, पाऊस सरल्यावर बघू. आणि उन्हात गाडीत ठेवायची नाही, अगदी पाच मिनिटंसुद्धा. आतली सरस वितळते.

गोदाकाठची | २० जुलै, रात्री ९:५०

@सोलो_कॉलेजरोड, नक्की देईन. पण पट्ट्याचं बकल काढून ये, पाठीची लाख सत्तर वर्षांची आहे.

विकायचा विषय मी मनातूनच काढलाय. ज्यांना कुतूहल असेल त्यांच्यासाठी: त्या काळच्या पडद्यांच्या पट्टीला ब्राझीलची शिसवी वापरत आणि ते झाड १९९२ पासून साइटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे अशी गिटार विकायला देशाबाहेर पाठवताना परवाने लागतात.

आज दुपारी देवळालीला गेले होते. आंटी आता फार चालत नाहीत. त्यांच्या खुर्चीसमोर सरांचाच छोटा ॲम्प लावला आणि वाजवलं. काय वाजवलं ते महत्त्वाचं नाही, सर तास संपल्यावर वाजवायचे त्यातलंच जेवढं आठवलं तेवढं. आंटी डोळे मिटून होत्या. मला वाटलं आवडतंय. संपल्यावर म्हणाल्या, "व्हॉल्यूम एवढा नाही ठेवायचा गं. ते सातावर ठेवायचे. ॲम्प वाढव, गिटार सातावर."

सातावर ठेवलं. ठोक्याची धार गेली आणि तोच गोल आवाज आला, भिंतीवरून काढल्यावर यायचा तो.

तारगहन | २० जुलै, रात्री १०:१०

बरोबरच आहे त्यांचं. पी-९० दहावर थोडा चिरका होतो, सातावर वरचे स्वर मावळतात. टोन कितीवर ठेवायचे ते विचारलंत का?

गोदाकाठची | २० जुलै, रात्री १०:२५

विचारलं. टोन दहावर, कधी हलवायचेच नाहीत म्हणे. घरी येऊन बघितलं तर व्हॉल्यूमच्या बटणाभोवती लाख बोटांनी झिजून लाकूड दिसतंय आणि टोनच्या बटणाभोवती ती अजून कोरीकरकरीत आहे.